नावाड्याच्या फिल्मचा शेवट

१४ सप्टेंबर, रविवार. काम : अण्णाच्या कॅसेटी उन्हाला घालणे, बुरशी पुसणे, प्रत्येक कॅसेट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवणे.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. मी अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टोअरमध्ये काम करते. किती नट आले, किती बोल्ट गेले, हे सव्वीस वर्षं लिहिते आहे. त्यामुळे घरची कामंही तशीच लिहायची सवय. भूतखेत, करणी, संकेत, गेलेल्या माणसानं स्वप्नात येऊन सांगणं... यातलं मी काहीही मानत नाही. या सदरातले अनुभव वाचते, पण बहुतेकांना मनातल्या मनात उत्तरं देत वाचते — वारा असेल, मांजर असेल, ताप असेल. सप्टेंबरातला तो रविवार पितृपंधरवड्यात येत होता, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी ते शोधून काढून मला सांगायला नको. त्याचा काही संबंध नाही. पाऊस ओसरला की कॅसेटींना बुरशी धरते आणि तेव्हाच त्या पुसाव्या लागतात, एवढंच.

अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. पुढे कॅसेटींचं कपाट, मागे एक खोली, खोलीत एक टीव्ही आणि सतरंज्या. बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं एसटीची वाट बघत तिथे येऊन टेकायची. लग्न त्यानं केलं नाही. "फिल्मा बघायच्या राहतील," म्हणायचा.

हिंदी फिल्मा सगळेच लावायचे. अण्णाची खासियत वेगळी होती. खोडदच्या दुर्बिणीच्या कामासाठी एक इंग्रज पाहुणे काही वर्षं इकडे येऊन-जाऊन होते. मायदेशी कायमचे परत जाताना त्यांनी अण्णाला एक खोका भरून कॅसेटी दिल्या. तिकडच्या टीव्हीवरून त्यांनी स्वतः टेप केलेल्या. सगळ्या जुन्या, ब्लॅक अँड व्हाइट, इंग्लंडमधल्या फिल्मा. नटनट्या कुणी ओळखीच्या नाहीत. धुकं, कोळशाचे कारखाने, टोपीवाली माणसं, सारखा चहा. दुसऱ्या कुणी तो खोका रद्दीत घातला असता. अण्णा टीव्हीशेजारी स्टूल घेऊन बसायचा आणि फिल्म चालू असताना मराठीत सांगत जायचा.

"ओ भाऊ, त्यो टोपीवाला काय म्हनतोय?"

"म्हनतोय, पूल झाल्यावर माझ्या नावेत कोण बसंल? तुझी सासू?"

खोली हसायची. अण्णाचं इंग्रजी बेताचंच होतं. निम्मं कळायचं, निम्मं तो घालायचा. पण माणसं एसटी सोडून बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यातली एक नावाड्याची फिल्म. लेबलवर इंग्रजी नाव होतं, पण जुन्नरात ती नावाड्याचीच. गोष्ट साधी. एक रुंद नदी. नावाडी आणि त्याची धाकटी बहीण नाव चालवतात. बहिणीचं पलीकडच्या गावात लग्न होतं. मग नदीवर पूल बांधायला घेतात. आता नावेची गरज उरणार नाही. पुलाच्या उद्घाटनाच्या सकाळी नावाडी एकटाच धुक्यात काठावर येतो, नावेचा दोर सोडतो...

आणि इथे एकदम माझी हळद येते.

ते पाप माझं. माझ्या हळदीच्या दिवशी शूटिंगवाल्याची कॅसेट संपली. नवी आणायला कुणी जागेवर नव्हतं. मी हळदीच्या अंगानं दुकानात गेले आणि नावाड्याची कॅसेट उचलली. अण्णानं आदल्या दिवशीच ती पहिल्यांदा लावली होती. नावाड्यानं दोर सोडला आणि नेमके त्याच वेळी लाइट गेले, म्हणून त्यानं ती तशीच काढून ठेवली होती. लग्न उरकलं की पुढचं निवांत बघायचं म्हणून. मला वाटलं, नाहीतरी निम्मी कॅसेट रिकामी दिसते. टेप केलेल्या कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडलेला असतो, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं टेप होत नाही. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. झालं काम. मला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

अण्णा ओरडला नाही. आठ दिवसांनी मी माहेरी आले तेव्हा म्हणाला, "सुरे, तू अगदी नावेत बसूनच सासरी गेलीस की." बस. त्यानंतर ती फिल्म लावली की दोर सुटताच तो टीव्ही बंद करायचा आणि शेवट स्वतः सांगायचा. दर वेळी वेगळा. समोर ओतूरचे कांदेवाले असले तर नावाडी नाव मोडून नदीकाठी रान घ्यायचा. बायका जास्त असल्या तर बहीण माहेरपणाला यायची. कॉलेजची पोरं असली तर पूलच कोसळायचा. खरा शेवट त्याला कधीच कळला नाही, आणि तो माझ्यामुळे कळला नाही, हे मी तीस वर्षं डोक्यात ठेवून होते. बोलले मात्र नाही कधी. बोलून कॅसेट परत भरणार होती का?

लायब्ररी बंद पडून जमाना झाला. अण्णानं पुढच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकली, मग तेही सोडलं. दोन वर्षांपूर्वी छातीत पाणी झालं म्हणून त्याला जुन्नरच्याच एका दवाखान्यात ठेवलं. मी एक दिवसाआड अवसरीहून जायचे. सकाळी डबा घेऊन जायचं, औषधं बघायची, डॉक्टरांशी बोलायचं, तीनच्या एसटीनं परत.

त्याच्या शेजारच्या कॉटवर मढकडचे भागूबाबा होते. धनगर. बांधावरून पडून पाय मोडलेला. त्यांची सून चंद्रा माझ्यापुढेही भाकरी ठेवायची. "खावा ताई, तुमी पोळ्याच आनता नुसत्या. पोळीनं कुटं पोट भरतंय?"

त्या दिवशी दुपारी अडीच वाजले असतील. मी पिशवी भरत होते. अण्णाच्या नाकात नळी होती, पण चेहरा बरा होता. म्हणाला, "सुरे, नावाड्याचा शेवट कळला मला."

"कुणी सांगितला?"

"कुणी नाही. कळला. पुलाचं उद्घाटन असतं ना, तिथे मेंढरं येतात. आणि ती पुलावर चढतच नाहीत."

मी भागूबाबांकडे बघितलं आणि हसले. "शेजारी धनगरबाबा आहेत म्हणून मेंढरं होय? मागच्या आठवड्यात इथे तो कंडक्टर होता, तेव्हा सांगितला असतास तर एसटी आली असती."

तोही हसला. हसता हसता खोकला आला. मग म्हणाला, "नाही गं, हा खरा आहे. ऐक तरी."

"उद्या नाही, परवा ऐकते. ती गोळी जेवणानंतर घ्यायची. पाणी उशाशी ठेवलंय."

जिन्याच्या चार पायऱ्या उतरले असेन, वरून हाक आली. "सुरे..."

मला ऐकू आली. ऐकू आली नाही, असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. पण ऐकू आली. मनात आलं, पाणी हवं असेल, ते उशाशीच आहे. तीनची गाडी गेली की पुढची साडेचारला, मग मंचरला उतरून पुढे रिक्षा शोधा. मी वळले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेला.

सकाळी मी दवाखान्यात कागदांसाठी उभी होते तेव्हा भागूबाबा कॉटवरून म्हणाले, "तायडे, तुजा भाऊ लई झ्याक गोष्ट सांगून गेला गं." मी म्हटलं, "बरं बाबा." कारण तेवढ्यात सहीला हाक मारली होती.

आता सप्टेंबरवर येते. कॅसेटी मी घरी आणून ठेवल्या होत्या. विकायच्या नाहीत आणि बघायच्याही नाहीत अशा वस्तू मी सहसा ठेवत नाही, पण त्या ठेवल्या. अण्णा दर वर्षी पाऊस ओसरला की त्या फिरवून ठेवायचा, नाहीतर पट्टी पट्टीला चिकटते. ते काम आता माझं. त्या रविवारी नावाड्याच्या कॅसेटवरचं पाहुण्यांच्या हातचं इंग्रजी नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं आणि काही कारण नसताना फोनवर टाकून बघितलं.

फिल्म सापडली. इंग्लंडमधल्या एका छोट्या कंपनीनं ती नुकतीच डीव्हीडीवर काढली होती. जुन्या, विसरलेल्या फिल्मा शोधून, साफसूफ करून विकणं हाच त्यांचा धंदा. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, तिनं ती मागवून दिली. "आई, तू? फिल्म?" ती दोनदा म्हणाली.

नोव्हेंबरात पार्सल आलं. आत एक पातळ पुस्तिका होती. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आधी तीच वाचली, कारण यंत्राबरोबर आलेला कागद आधी वाचायचा ही माझी शिस्त. आणि दुसऱ्याच पानावर थांबले.

त्यात लिहिलं होतं की फिल्म पहिल्यांदा लागली तेव्हा शेवट लोकांना रुचला नाही, म्हणून लगेचच शेवटची नऊ-दहा मिनिटं कापून टाकली. पुढे थिएटरला, टीव्हीवर, सगळीकडे कापलेलीच प्रत दाखवली गेली. ती नावाड्यानं दोर सोडला की तिथेच संपायची. कापलेला तुकडा कायमचा गेला असं धरून चालले होते. पण एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर त्याचा डबा मिळाला. कधी, तर अण्णा गेल्याच्या पुढच्या वर्षी.

म्हणजे त्या कॅसेटमध्ये शेवट नव्हताच. पाहुण्यांनी टेप केली ती कापलेली प्रत. दोर सुटल्यावर पुढे नुसती कोरी पट्टी होती. माझ्या हळदीनं काहीही पुसलं नव्हतं.

तीस वर्षांचं ओझं उतरलं की हलकं वाटतं म्हणतात. मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही.

मग लॅपटॉपला स्टोअरमधला जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडला. त्यानं विचारलं, ही डिस्क जगाच्या दुसऱ्या विभागासाठी आहे, विभाग बदलायचा का, मोजक्याच वेळा बदलता येईल. बदलला. फिल्म पहिल्यापासून लावली. चित्र इतकं लख्ख की नावाड्याच्या स्वेटरची उसवलेली बाही दिसत होती. आमच्या टीव्हीवर त्याला तोंडसुद्धा धड नव्हतं. आमचे मिस्टर थोडा वेळ बसले, मग पेंगले.

धुकं. काठ. दोर सुटला. मी नकळत हात पुढे केला, बंद करायला... आणि फिल्म पुढे चालू राहिली.

पुलावर माणसं जमलेली. फीत कापली. बँड वाजला. आणि पहिल्यांदा पुलावरून कोण जाणार, तर मेंढ्यांचा कळप. पुढची मेंढी पुलाच्या तोंडाशी आली आणि थांबली. तिनं पाय ठेवलाच नाही.

मी डिस्क थांबवली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, दुधाखालचा गॅस बंद केला, परत येऊन उरलेलं शेवटपर्यंत बघितलं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण यात माझी फसगत व्हायला नको होती. मी विचार केला, मेंढ्या हा योगायोग. शेजारी धनगर म्हणून अण्णानं मेंढरं घातली आणि फिल्मवाल्यांनीही घातली. होतं असं. शेवटात आणखी काय काय घडतं, याचे मी वहीत सात मुद्दे लिहिले. जसा माल आल्यावर चलनाशी ताडून बघतो तसं. अण्णानं जे सांगायला घेतलं होतं ते ऐकलेला एकच माणूस होता. दुसऱ्या दिवशी रविवार. लॅपटॉप आणि ड्राइव्ह पिशवीत घातला आणि निघाले. मंचर, नारायणगाव, जुन्नर, तिथून मढची गाडी. भागूबाबा आहेत की नाहीत हेही मला माहीत नव्हतं.

होते. वस्तीवरच्या अंगणात बाजेवर बसले होते. पाठीमागे आठ-दहा मेंढरं. चंद्रानं लांबूनच ओळखलं.

"आवो ताई! आज वाट कशी वाकडी केली? बाबा, दवाखान्यातली पावनी आली!"

"वळाखली की," बाबा म्हणाले. "तीनच्या गाडीची बाई. पाय धड टेकत नव्हता हिचा. बस. आज कितीची गाडी हाय?"

"आज गाडी नाही बाबा. बसते."

चहा झाला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं आणि आता लांबचा डोंगर दिसतो, पण जेवणातला खडा दिसत नाही, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "अण्णानं शेवटच्या दिवशी तुम्हाला गोष्ट सांगितली होती. आठवते का?"

"नावाड्याची? आठवती की. तू गेलीस आन् मंग सांगितली. दिवस मावळायच्या आत समदी सांगितली."

"मला सांगा."

"तुला ठावं नाय?"

"नाही," मी म्हटलं. वही पिशवीतच होती. मिटलेली.

बाबांनी सांगायला सुरुवात केली. मेंढरं पुलावर चढेनात. "खरंय ते. मेंढरू नव्या लाकडावर पाय न्हाई ठेवत. मी म्हनलं तुज्या भावाला, तू मेंढक्याचा का रं? हसला." माणसं मेंढरांना मागून ढकलतात. मेंढरं दाटून उभी. तेवढ्यात धुक्यातून नावाडी नाव घेऊन येतो. कुणाशी बोलत नाही. पुढची मेंढी खांद्यावर टाकतो, नावेत घालतो. मग एक एक करून बाकीची आपसूक मागं. तीन खेपा करतो. बँडवाले गप उभे.

वहीत माझे मुद्दे होते : मेंढी खांद्यावर, तीन खेपा, बँड थांबतो.

"तिसऱ्या खेपंला पैलतीरावर बहीण येती. पळत येती. हाताला पीठ. त्यो तिच्या हातात एक कोकरू देतो. ती म्हनती, आत ये, जेवून जा. त्यो म्हनतो, पुन्ना कदी. आन् नाव तिच्याच दारात बांधतो. गाठ मारतो, वढून बघतो. आन् मंग आपुन पुलावरनं चालत माघारी निघतो. पुलावर चाललेलं त्याला कुणी बघितलंच नव्हतं आजवर. ती मागनं हाका मारती. त्यो काय वळत नाय. धुक्यात जातो. संपलं."

सातच्या सात.

अंगणात ऊन होतं, मेंढरं रवंथ करत होती, चंद्रा शेंगा फोडत होती. मला घाम आला नाही, काटाही आला नाही. फक्त पिशवीचा बंद मी किती घट्ट धरला होता ते बोटं सोडवताना कळलं.

"आन् बहिनीच्या एका पायात पायतान नव्हतं," बाबा म्हणाले. "पळताना निसटलं आसंल."

हे मात्र वहीत नव्हतं. मला बरं वाटलं, खरं सांगते. अखेर एक चूक सापडली. "नाही बाबा. तसं काही नाहीये. मी कालच बघितलंय."

"तू म्हनलीस तुला ठावं नाय."

"खोटं बोलले."

"बरं केलंस," ते म्हणाले. "पन पायतान नव्हतं."

मी लॅपटॉप बाजेवर ठेवला. उन्हात दिसेना, म्हणून चंद्रानं आपला पदर वरून धरला. शेवटची दहा मिनिटं लावली. कळप आला तशी ती म्हणाली, "आगं बया, ह्या गोऱ्यांची मेंढरं किती गुबगुबीत! आपली बगा, नुसता सांगाडा."

"तोंडं काळी हाईत," बाबा म्हणाले. "म्हनला व्हता तो."

बहीण पळत आली. चेहरा, पिठाचे हात, कोकरू. तिचे पाय गवतात होते, काही दिसत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. नाव बांधली. नावाडी पुलावर चढला. बहीण त्याच्यामागे पुलाच्या तोंडापर्यंत धावली, आणि तिथे, नव्या फळ्यांवर, फार तर दोन सेकंद, तिचे पाय दिसले. डाव्यात बूट होता. उजवा उघडा.

काल मी नावाड्याच्या पाठीकडे बघत होते.

पुन्हा लावलं. पुन्हा उघडा. चंद्रानं पदर खाली घेतला आणि हळूच म्हणाली, "ताई, मंग त्यांनी ही कवा बघितली?"

"बघितली नाही."

मग मी बाबांना विचारलं, आणि हे विचारायला मी आले होते हे मला विचारताना कळलं. "त्याला ऐकू येत होतं का? ती हाका मारते तेव्हा? धुकं असतं, वारा असतो... कळत नाही फिल्ममध्ये."

"मी बी हेच इचारलं तुज्या भावाला," बाबा म्हणाले. "म्हनलं, ऐकू गेलं नाय का रं त्याला? तर म्हनला, गेलं बाबा. समदं ऐकू गेलं. पन वळला असता तर पाय निघाला नसता त्याचा."

"आणि?"

"आनि काय?"

"आणखी काही म्हणाला?"

बाबांनी मान खाली घातली. पटका काढून मांडीवर ठेवला, पुन्हा डोक्याला गुंडाळला. "म्हनत व्हता. तुज्यावरनंच कायतरी म्हनत व्हता, सुरी, सुरी करून. पन मला सुई दिलती गं. डोळा लागला माजा. खोटं कशाला बोलू, तायडे... ऱ्हाऊन गेलं."

"असू द्या बाबा," मी म्हटलं.

मी त्यांना काय बोलणार? त्यांना औषधाची झोप होती. मी तर जागी होते.

परतीच्या प्रवासात मी उत्तरं शोधली. पाहुण्यांनी अण्णाला शेवट सांगून ठेवला असेल? लहानपणी थिएटरात पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो बघितला असेल? पण मग अण्णानं इतकी वर्षं नावाड्याला कधी शेती, कधी माहेरपण कशाला करायला लावलं? कुठे वाचलं असेल? अण्णाकडे बटणांचा फोन होता, आणि डबा सापडला तेव्हा तो नव्हताच. भागूबाबांनी कुठे बघितलं असेल? त्यांनी आयुष्यात एकच इंग्रजी फिल्म पाहिली, ती माझ्या लॅपटॉपवर, दहा मिनिटं. सगळे खण उघडून बघितले. मला उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला मिळालं तर जरूर कळवा, मात्र पितृपंधरवडा सोडून.

पण खरं सांगायचं तर मला आता त्या उत्तराची तेवढी गरजही वाटत नाही. त्याला कसं कळलं हे राहू दे. त्याला ते मला सांगायचं होतं. एवढं एकच माझ्या हातात आलं आहे, आणि ते ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी डबे केले, नऊ वाजता कॉलेजात गेले आणि स्टोअर उघडायच्या आधी ऑफिसात जाऊन रजेचा अर्ज मागितला. कारणाच्या रकान्यात लिहिलं — भावाचे निधन. क्लार्क बाईंनी वाचला आणि चष्मा वर केला. "मॅडम, तुमचे भाऊ तर... दोन वर्षं झाली ना?"

"हो. तेव्हा स्टॉक तपासणी होती. दुसऱ्याच दिवशी कामावर आले होते मी."

त्यांनी अर्ज फिरवून माझ्यापुढे ठेवला. मग पेन माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "दिवस लिहायचे राहिलेत."

मी तीन लिहिलं, सही केली, आणि घरी गेले.